बत्तिसावा हिस्सा

जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. त्यावर टेबललॅम्प, धारदार ब्लेड, दोन चिमटे, पॉलिशपेपरचे नखाएवढे तुकडे, पाण्याची वाटी आणि बाटलीच्या झाकणात फेव्हिक्विकचा एक थेंब. घरची माणसं हा कोपरा सोडून जेवायला बसतात. पंखा लावायचा तर आधी विचारून. त्या कोपऱ्यात सॉपविथ डॉल्फिन नावाचं लढाऊ विमान आकार घेत असतं, आणि त्याचे काही भाग इतके हलके असतात की शिंक येतेय असं वाटलं तरी माणूस तोंड फिरवून उठतो.

डॉल्फिन हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश दुपंखी विमान. खरं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९.९१ मीटर होतं. एकास बत्तीस या प्रमाणात ते ३१ सेंटिमीटर भरतं, म्हणजे शाळकरी फूटपट्टीपेक्षा किंचित जास्त. लांबी ६.७८ मीटरची २१ सेंटिमीटर होते. पावणेसहा फुटी वैमानिक साडेपाच सेंटिमीटरचा, करंगळीएवढा. आणि मॉडेल करणाऱ्याच्या हातून झालेली एक मिलिमीटरची चूक खऱ्या विमानावर सव्वा इंचाची होते. बाकीचे हिशेब कागदावर राहतात, हा शेवटचा मात्र त्याच्या डोक्यातून जात नाही.

प्रमाणांच्याही आपापल्या कथा आहेत. एकास बहात्तर हे विमानांच्या मॉडेलचं जुनं, लोकप्रिय प्रमाण. ते इंग्रजी मापांतून आलं: सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये याच मापाची लाकडी आणि नंतर प्लॅस्टिकची विमानं मुलांच्या हाती आली. दुसऱ्या महायुद्धात त्याच मापाची काळी मॉडेलं वापरून सैनिकांना आपलं आणि शत्रूचं विमान ओळखायला शिकवलं गेलं. बत्तिसावा हिस्सा त्याच्या दुपटीहून मोठा. या मापात काहीच झाकता येत नाही. कॉकपिटमधल्या घड्याळाची तबकडी दिसते, पंखाच्या कापडाखालची फासळी दिसते, आणि तार खोटी असेल तर तीही दिसते.

डॉल्फिनचं चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते उलटं जोडल्यासारखं वाटतं. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असतो. डॉल्फिनमध्ये वरचा पंख खालच्यापेक्षा सुमारे फूटभर मागे आहे. शिवाय तो इतका खाली आणलेला आहे की वैमानिकाच्या डोक्याला जागाच उरत नाही. म्हणून वरच्या पंखाच्या मधोमध कापड लावलेलंच नाही. तिथे पोलादी नळ्यांची उघडी चौकट आहे, आणि त्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं बाहेर येतं. तो पंखाच्या खाली बसत नाही, मागेही बसत नाही. तो पंखाच्या आत बसतो.

यामागे विचार होता. टॉमस सॉपविथ यांची कंपनी लंडनजवळच्या किंग्स्टनमध्ये, स्केटिंगसाठी बांधलेल्या एका मोठ्या हॉलमध्ये वाढली. तिथले मुख्य रचनाकार हर्बर्ट स्मिथ यांनी आधी पप आणि कॅमल ही विमानं केली होती. कॅमल चपळ होतं, पण वरचा पंख वैमानिकाच्या डोळ्यांपुढे भिंतीसारखा यायचा. हवेतल्या लढाईत मरण बहुधा वरून, सूर्याच्या बाजूने येई, आणि तेवढीच दिशा दिसत नसे. डॉल्फिनमध्ये स्मिथ यांनी वैमानिकाचे डोळे पंखाच्या वर आणले. आता त्याला वरचं अख्खं आभाळ दिसत होतं. वरचा पंख मागे सरकवल्यामुळे विमानाचा तोलही सांभाळला गेला. मे १९१७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, आणि जूनमध्ये चाचणीसाठी फ्रान्सला नेलं तेव्हा दोस्तांच्याच विमानविरोधी तोफांनी त्याच्यावर मारा केला. असं विमान आपल्याकडे असू शकतं हे तोफेवरच्या माणसांना खरं वाटलं नाही.

वैमानिकांची भीती वेगळी होती. उतरताना विमान उलथलं तर जमिनीला आधी काय लागणार? त्यांचं डोकं. काही डॉल्फिनांवर, विशेषतः इंग्लंडमध्ये रात्रीच्या रखवालीसाठी ठेवलेल्यांवर, वरच्या पंखावर नळीच्या कमानी बसवण्यात आल्या, म्हणजे विमान उलटलं तरी मान वाचावी. पुढे मात्र ज्यांनी ते चालवलं त्यांना ते आवडू लागलं. इंजिन पाण्याने थंड होणारं, रेडिएटर धडाच्या दोन्ही बाजूंना, अगदी कॉकपिटलगत; त्यामुळे वीस हजार फुटांच्या आसपासच्या जीवघेण्या थंडीत वैमानिकाला थोडी ऊब मिळायची. त्या युद्धात ही चैनच होती.

मॉडेल करणाऱ्याला हे सगळं हाताने कळतं. म्हणून काम आतून सुरू होतं.

आधी कॉकपिट. पुढे धडाचे दोन अर्धे चिकटल्यावर यातलं निम्मं दिसणारही नाही, तरी ते करायचं असतं, आणि या छंदातला प्रत्येक जण घरच्यांना याचं कारण कधी ना कधी सांगून थकलेला असतो. उंची दाखवणारं यंत्र, वेग दाखवणारं यंत्र, होकायंत्र, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा. एवढ्यावर माणूस ढगांत शिरायचा. त्या काळच्या पुष्कळ विमानांत आसन वेताचं विणलेलं असे. वजन कमी आणि थोडं लवचीक. कंबरेचा पट्टा असे. पॅराशूट नसे, ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ते युद्धात दिलंच गेलं नाही. पट्ट्याचं बक्कल तांब्याच्या तारेच्या एका वळ्यातून करताना हे आठवतं. हात थांबत नाहीत, कारण फेव्हिक्विक थांबत नाही. पण ते आठवतं.

धड म्हणजे अ‍ॅश आणि स्प्रूस लाकडाच्या पट्ट्यांची लांबट पेटी. तिच्या प्रत्येक चौकोनात फुलीसारख्या दोन तारा ताणलेल्या. ज्याने लहानपणी नवारीचा पलंग पाहिला आहे त्याला ही रचना लगेच समजते. नवार सैल झाली की पलंग झोळ खातो. कुणीतरी बसून ती पुन्हा ओढून घ्यायची. प्रत्येक विमानाला तेव्हा दोन कारागीर नेमलेले असत: इंजिनासाठी फिटर आणि लाकूड, कापड, तारांसाठी रिगर. रिगरची हत्यारं आपल्या गवंड्या-सुतारांच्या पेटीतलीच: ओळंबा, सरळ पट्टी, कोन मोजायचं साधन. तो टर्नबकल फिरवून तार ताणायचा, ओळंबा सोडून पंख पाहायचा, पुन्हा अर्धा फेरा द्यायचा. वैमानिकाचं नाव वर्तमानपत्रात यायचं. पंख जागेवर राहायचे ते या माणसामुळे.

दुपंखी विमानाचं खरं मूळ आभाळात नाही, रेल्वेच्या पुलांत आहे. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतले रेल्वे आणि पूल बांधणारे अभियंता. उतारवयात त्यांना उडण्याचं वेड लागलं. १८९६ साली मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी जे ग्लायडर उडवलं त्याचे दोन पंख त्यांनी पुलासारखे बांधले: उभे खांब दाब सोसणार आणि तिरप्या तारा ताण सोसणार. राइट बंधूंनी ती कल्पना उचलली. पुढची जवळपास तीस वर्षं जगातली बहुतेक विमानं म्हणजे पंख लावलेले पूल होती.

पंखांमधले हे उभे खांब म्हणजे स्ट्रट. डॉल्फिनच्या प्रत्येक बाजूला त्यांच्या दोन जोड्या आहेत, आणि नवशिक्याची पहिली फजिती इथेच होते. इतर विमानं केलेला हात स्ट्रट वर जाताना पुढे झुकवतो. डॉल्फिनमध्ये ते मागे झुकतात. डोळा सतत सांगत राहतो की काहीतरी चुकलंय. म्हणून अनुभवी माणूस डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. जाड पुठ्ठ्याची किंवा लेगोच्या ठोकळ्यांची चौकट करतो, तिच्यात खालचा पंख अडकवतो, वरचा पंख गुण्याने मापून टेकवतो, आणि गोंद वाळेपर्यंत त्या खोलीतून निघून जातो. निघून जाणं महत्त्वाचं. जवळ थांबलं की हात लावावासा वाटतो.

मग तारा. या छंदात माणसं टिकतात किंवा सोडून जातात ती इथे.

दोन प्रकारच्या तारा लक्षात ठेवायला लागतात. उडताना पंख वर उचलले जाऊ पाहतात. त्यांना धडाशी बांधून ठेवणाऱ्या तारा खालून, धडाच्या तळापासून बाहेर आणि वर जातात. जमिनीवर उभं असताना पंख आपल्याच वजनाने लोंबतात. त्यांना धरणाऱ्या तारा वरून, मधल्या चौकटीपासून बाहेर आणि खाली येतात. म्हणजे विमान उभं असताना तारांचा एक संच काम करतो आणि उडताना दुसरा. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे उतरण्याच्या आणि उडण्याच्या तारा म्हणतात. हे ज्याला एकदा कळलं त्याला तारांचं जंजाळ पुन्हा कधी जंजाळ वाटत नाही. प्रत्येक तारेला काम आहे, आणि काम ठाऊक असलं की ती कुठून कुठे जाते हे पाठ करावं लागत नाही.

या तारा गोल नव्हत्या. फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात शोधलं गेलं की पोलादी तार चपटी, मसुराच्या डाळीसारख्या छेदाची केली तर वारा तिला कमी अडवतो. अशी पाव इंच रुंदीची तार बत्तिसाव्या हिश्श्यात ०.२ मिलिमीटरची होते, म्हणजे माणसाच्या केसाच्या दोन-तीन पट. मॉडेल करणारे त्यासाठी काय काय वापरतात! मासेमारीची नायलॉनची दोरी, ताणणारा लायक्रा धागा, गिटारची सर्वांत बारीक तार, किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना चिकटून येतात ती स्प्रू मेणबत्तीवर धरून मऊ करून ओढलेला तंतू. प्रत्येकाची एक पसंती असते आणि ती सहसा बदलत नाही.

नायलॉनच्या दोरीला एक गुण आहे: उष्णतेने ती आखडते. पंखाला नखाने जाणवेल न जाणवेल असं भोक पाडायचं, दोरी ओवायची, दोन्ही टोकं चिकटवायची. ती थोडी सैलच राहते. मग उदबत्ती पेटवायची आणि तिचं लाल टोक दोरीपासून जरा दूर ठेवून हळूहळू फिरवत न्यायचं. दोरी डोळ्यांदेखत ताठ होते. जवळ नेलं तर तुटते, आणि तुटली की दोन दिवसांचं काम गेलं. ही युक्ती जगभरचे मॉडेलकार वापरतात, पण मराठी घरात तिला वेगळाच वास असतो. रात्री अकरा वाजता देवघरातली उदबत्ती जेवणाच्या टेबलावर का जळते आहे हे शेजाऱ्याला सांगायला बराच वेळ लागतो.

रंगाचं काम पावसाळ्यात करायचं नाही, असा मुंबई आणि कोकणातल्या मॉडेल करणाऱ्यांचा अलिखित नियम आहे. लॅकरमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो, आणि चकचकीत थराच्या जागी दुधाळ धुकं उमटतं. आषाढात कापाकापी करावी, श्रावणात जोडावं, रंग दसऱ्यानंतर. घाई केलेली मॉडेलं पुन्हा घासून काढावी लागतात.

आणि रंग तरी कुठला द्यायचा? ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला लावायचा त्याला पीसी १० म्हणत. पीसी म्हणजे संरक्षक लेप. दहा हा मिश्रणाचा क्रमांक. विमानाचं कापड लिननचं. ते पंखावर चढवून त्यावर डोप नावाचं द्रावण लावलं की आकसतं आणि पखवाजाच्या पुडीसारखं ताणलं जातं. पण उन्हाने लिनन कुजतं. ते ऊन अडवण्यासाठी पीसी १०. विमान लपवणं हा त्याचा दुसरा फायदा. त्यात पिवळट लोहमाती आणि थोडी काजळी. काजळी जास्त पडली, थर जाड बसला, लेप जुना झाला, कारखाना बदलला, की छटा बदलणार. कुणाला तो शेवाळी हिरवा दिसतो, कुणाला चॉकलेटी. यावर मॉडेलकारांत जे वाद होतात ते अनेक वर्षांचे आहेत, आणि दोन्ही बाजू बरोबर असू शकतात हे मान्य करायला दोन्ही बाजूंना जड जातं. खरं तर रंग म्हणून त्याचा विचार करण्यातच चूक आहे. ती माती आहे. एकाच डोंगराची माती दोन उतारांवर सारखी नसते.

जुने फोटोही इथे फसवतात. त्या काळची फिल्म तांबड्या प्रकाशाला आंधळी आणि निळ्याला फार हळवी होती. पंखावरच्या निळ्या-पांढऱ्या-तांबड्या वर्तुळात तांबडा ठिपका फोटोत काळा येतो आणि निळं कडं फिकट. फोटो पाहून रंग लावणाऱ्याने आधी फोटो उलट वाचायला शिकावं लागतं. ही वर्तुळं आली तीही एका चुकीतून. १९१४ साली ब्रिटिश विमानांवर युनियन जॅक रंगवला जाई. दुरून त्यातली फुली तेवढी दिसे, आणि जर्मन विमानांवरही फुलीच होती. आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडू लागले, म्हणून फ्रेंचांचं वर्तुळ घेऊन त्यातले रंग उलटे केले.

पंख्याचं म्हणजे प्रोपेलरचं काम सर्वांत सुखाचं. खरा प्रोपेलर लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, मग तासून केलेला. मॉडेलवर आधी फिकट पिवळसर थर, मग त्यावर तपकिरी ऑइल कलर कोरड्या ब्रशने ओढायचा. ब्रशच्या केसांच्या रेघा म्हणजेच लाकडाचे रेषे. एखाद्या संध्याकाळी एवढंच करून उठावं.

इंजिनाची हकिकत मात्र सुखाची नाही. डॉल्फिनचं दोनशे अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा इंजिन त्या काळचं उत्तम यंत्र. स्विस अभियंता मार्क बिर्किग्ट यांनी त्याची मूळ रचना बार्सिलोनात केली. पण प्रोपेलरचा वेग कमी करणारी दातेरी चाकं काही फ्रेंच कारखान्यांत पुरेशी कडक न करताच बसवली गेली. लोहाराच्या भाषेत, त्या पोलादाला नीट पाणीच दिलेलं नव्हतं. हवेत असताना दाते झडत. डॉल्फिनची एकूण २,०७२ धडं बांधली गेली, आणि त्यांतली कितीतरी इंजिनाची वाट पाहत गोदामात उभी राहिली. युद्धभर फक्त चार स्क्वॉड्रन ती फ्रान्समध्ये लढवत होत्या: एकोणीस, तेवीस, एकोणऐंशी आणि सत्त्याऐंशी.

यातल्या तेविसाव्या स्क्वॉड्रनपाशी मराठी माणसाचा हात थबकतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांत चार नावं घेतली जातात. हरदितसिंग मलिक कॅमल चालवत. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांच्या विमानात चारशेहून अधिक गोळ्या घुसल्या आणि तरी ते परतले, पायात रुतलेल्या गोळीसकट. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. एरॉल सेन यांचंही कॅमलच. ते सप्टेंबर १९१७ मध्ये पाडले जाऊन जर्मनांच्या कैदेत गेले. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय एसई ५ए चालवत. अपघातानंतर उपचार घेत असताना ते विमानांची रेखाटनं करत, त्यांतली पुष्कळ आजही आहेत. जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विजय मिळवून ते बावीस तारखेला मारले गेले. वय एकोणीस.

चौथे श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचे. केंब्रिजमध्ये शिकलेले. तेविसाव्या स्क्वॉड्रनमध्ये त्यांना मिळालेलं विमान डॉल्फिन.

२७ जून १९१८ रोजी गस्तीवर असताना ते जर्मन बाजूला पडले. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, त्यांच्या इस्पितळात वारले. रॉयल एअर फोर्स नावाचं दल तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. उत्तर फ्रान्समध्ये आमियाँ शहराजवळ हांगार नावाचं खेडं आहे. तिथल्या युद्धस्मशानात, सोम परगण्याच्या पांढरट चुनखडी मातीत, हा मुंबईचा मुलगा आहे.

रॉय यांच्या जन्मशताब्दीला भारताच्या टपाल खात्याने तिकीट काढलं, कोलकात्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मलिक दीर्घायुषी झाले, त्यांनी आपली आठवण स्वतः सांगितली. वेलिणकरांचं नाव मुंबईत किती जणांना ठाऊक आहे? विमानांचा छंद असलेल्या थोड्यांना, सैन्याच्या इतिहासाचा नाद असलेल्या आणखी थोड्यांना. ही उपेक्षा बोचते. ज्या शहराने या मुलाला वाढवलं त्या शहरात त्याच्या विमानाचं एखादं चांगलं मॉडेल काचेच्या पेटीत, खाली मराठीत दोन ओळी लिहून, लोकांसमोर असायला हवं. असं जाहीर ठिकाण मिळेपर्यंत ते कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तयार होत राहतं.

आणि वेलिणकर मनात आले की मॉडेलचं काम बदलतं. आधी डॉल्फिन हे भूमितीचं कोडं होतं. आता प्रत्येक भागाशी एका माणसाचा खांदा, गुडघा, नजर जोडली जाते. बंदुकांचंच पाहा. डॉल्फिनला नाकावर दोन व्हिकर्स मशीनगन होत्याच; शिवाय वरच्या उघड्या चौकटीच्या पुढच्या नळीवर, तिरकस वर तोंड करून, दोन लुईस गन बसवायची सोय होती. कल्पना अशी की शत्रूच्या पोटाखाली जाऊन वर मारा करता यावा. प्रत्यक्षात त्या धक्क्याने गरकन फिरत आणि त्यांचा दस्ता वैमानिकाच्या तोंडावर आदळे. पुष्कळांनी एक काढून टाकली, काहींनी दोन्ही. किटमध्ये किंवा आराखड्यात त्या ऐटीत दिसतात, म्हणून हौशी हात त्या लावून मोकळा होतो. ज्याने साडेपाच सेंटिमीटरचा माणूस त्या चौकटीत बसवून पाहिला आहे, तो लुईस गन त्याच्या नाकापासून किती जवळ येते ते पाहतो आणि मग ठरवतो.

तशी माणसाची आकृती बसवून बघायचीच. करंगळीएवढा प्लॅस्टिकचा वैमानिक, कातडी टोपी घातलेला, आत ठेवून पाहिला की डॉल्फिनचा अर्थ कळतो. डोकं वाटाण्याएवढं. पंखाची पातळी त्याच्या हनुवटीशी. समोर, मागे, वर, कुठेही आडकाठी नाही. खाली मात्र दोन्ही बाजूंना पंखच पंख. खालची जमीन आणि तिथून चढून येणारं विमान याच्यापासून लपलेलं. वर सगळं दिसावं म्हणून खालचं थोडं सोडून द्यावं लागलं होतं. आराखड्यावर हे कोनांत लिहिलेलं असतं. टेबलावर वाकून, एक डोळा मिटून, त्या वाटाण्याच्या जागेवरून पाहिलं की ते दिसतं.

बहुतेक जण नंतर ही आकृती काढून घेतात. कॉकपिटमध्ये केलेलं काम दिसावं हे एक कारण. आणखीही कारण असावं; ते कुणी बोलून दाखवत नाही.

लंडनमध्ये हेंडन इथे रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात एक खरं डॉल्फिन आहे. २,०७२ पैकी एकही पूर्ण उरलं नव्हतं. तिथल्या कारागिरांनी वेगवेगळ्या विमानांचे सापडलेले मूळ अवशेष जमवले, जे मिळालं नाही ते नव्याने घडवलं, आणि कैक वर्षांनंतर, २०१२ साली, ते लोकांसमोर ठेवलं. त्यांचं काम आणि टेबलाच्या कोपऱ्यावरचं काम यांत प्रमाणाचा फरक आहे, पद्धतीचा फारसा नाही. त्यांनाही आधी जुना फोटो वाचावा लागला. त्यांनाही ओळंबा सोडावा लागला. पीसी १० कसा मिसळायचा हा प्रश्न त्यांच्याही समोर आला असणार. हेंडनला जाऊन आलेला मॉडेलकार त्या विमानासमोर बराच वेळ उभा राहतो, आणि परत आल्यावर आपल्या मॉडेलवरच्या दोन तारा कापून पुन्हा लावतो.

मॉडेल पूर्ण झालं असं कधी म्हणायचं? शेवटचं वर्तुळाचं डेकल, म्हणजे कागदावरून सुटणारं चित्र, पाण्यातून सोडून पंखावर बसवलं, त्याखालची फासळी उठून दिसावी म्हणून ओल्या कापसाने दाबलं. चाकांना सोमच्या चिखलाचा फिकट, चुनखडीचा रंग दिला. आपल्याकडचा लाल चिखल तिथे चालणार नाही. एक्झॉस्टच्या नळ्यांवर गंजाची झाक. पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक पाय देऊन चढत असेल तिथे, थोडी झीज. आता फक्त वरच्या चौकटीजवळची आडवी तार राहिलेली. उदबत्ती पेटते, टोक जवळ जातं, तार ताठ होते. लॅम्प बंद होतो.

सकाळी ते कपाटात वरच्या कप्प्यावर जातं. काचेची पेटी महाग पडते, ती पुढच्या दिवाळीला. तोवर धूळ बसते. मुंबईत धूळ सगळीकडे बसते, पण दुपंखी विमानावर ती तारांवर बसते, आणि तारा पुसता येत नाहीत. दर रविवारी मऊ ब्रश घ्यायचा, रंगारी वापरतात तसला, लांब केसांचा. वरचा पंख आधी झटकायचा. मग ब्रशचं टोक पाण्यात बुडवून, निथळवून, त्या उघड्या चौकटीतून आत सोडायचं. इतर विमानांची कॉकपिटं पंखाच्या सावलीत असतात, त्यांच्यात एवढी धूळ जात नाही. हे वरून उघडं आहे. आसनावरची, पट्ट्यावरची, तांब्याच्या तारेच्या त्या बारीक बक्कलावरची धूळ टिपून घ्यायची, ब्रश पुसायचा, आणि पुन्हा आत घालायचा.